कुरणाची झाली नगरी : सान फर्नांडो खोऱ्याची कथा

शहराच्या वेशीबाहेर जेथे काल गुरे चरत होती तेथे आज ओळीने घरे उभी राहिलेली दिसावीत, हा अनुभव आता कोणत्याही देशात नवा राहिलेला नाही. उभी राहिलेली घरे सर्वांना दिसतात. परंतु कुरणाचे शेत आणि शेताचे घर होत असताना मधल्या काळात काय घडते, कोणाचा हक्क जातो आणि कोणाचा येतो, पाणी कोठून आणले जाते, पैसा कोण पुरवितो, हे सहसा दिसत नाही. हा सारा क्रम पायरीपायरीने कागदोपत्री नोंदलेला आढळतो असा एक प्रदेश म्हणजे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सान फर्नांडोचे खोरे होय.

लॉस एंजेलिस शहराच्या जुन्या मध्यवस्तीच्या वायव्येस हे खोरे पसरले आहे. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस मैल. दक्षिणेस सांता मोनिकाचे डोंगर, ईशान्येस सान गॅब्रिएलच्या उंच रांगा, वायव्येस सांता सुसानाचे कडे, आणि मध्ये परातीसारखी सपाट जमीन. पाऊस हिवाळ्यात पडतो, तोही बेताचाच, आणि एखाद्या वर्षी तो जवळजवळ पाठच फिरवितो. उन्हाळा अगदी कोरडा. आज या परातीत सुमारे अठरा लाख माणसे राहतात. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तेथे ओकची झाडे, गवत आणि तुरळक झरे यांखेरीज डोळ्यांत भरण्यासारखे काही नव्हते. त्या गवतापासून या वस्तीपर्यंतचा प्रवास चार-पाच टप्प्यांत झाला, आणि प्रत्येक टप्प्यावर माती तीच राहून तिच्यावरचा हक्क मात्र पालटत गेला.

मिशनची गुरे

या खोऱ्याचे मूळचे रहिवासी म्हणजे टोंग्वा, तातावियाम आणि चुमाश या जमातींचे लोक. ओकच्या फळांचे पीठ, शिकार आणि कंदमुळे यांवर त्यांचा निर्वाह चाले. ऑगस्ट १७६९ मध्ये पोर्तोला या स्पॅनिश अधिकाऱ्याची तुकडी डोंगर ओलांडून येथे आली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, ८ सप्टेंबर १७९७ रोजी, फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री फेर्मिन लासुएन यांनी खोऱ्याच्या उत्तर भागात सान फर्नांडो मिशनची स्थापना केली. मिशन म्हणजे नुसते प्रार्थनामंदिर नव्हे. ती एक मोठी जहागीरच होती. स्थानिक लोकांना बाप्तिस्मा देऊन तेथे वसविण्यात आले आणि गुरे राखणे, विटा पाडणे, धान्य पिकविणे, कातडी कमावणे ही सारी कामे त्यांच्याकडूनच करून घेण्यात आली. रोगराईने आणि कष्टाने त्यांची संख्या झपाट्याने घटली. मिशनची गुरे मात्र हजारोंनी वाढली.

त्या गुरांच्या मांसाला फारसा भाव नव्हता, कारण ते खाणारी माणसेच थोडी होती. मोल होते ते कातड्याला आणि चरबीला. बॉस्टनहून निघालेली गलबते दक्षिण अमेरिकेला वळसा घालून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर येत, कातडी भरून नेत आणि मोबदल्यात कापडचोपड, भांडी व जोडे देत. रोख पैसा इतका दुर्मिळ होता की कातडे हेच चलन मानले जाई. रिचर्ड हेन्री डाना या तरुण खलाशाने १८४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथात या व्यापाराचे तपशीलवार वर्णन केले आहे. अशा अर्थव्यवस्थेत जमिनीला कुंपण लागत नाही, पाटाचे पाणी लागत नाही, माणसेही फारशी लागत नाहीत. लागते ते केवळ अफाट रान. अशा रानाला स्पॅनिश भाषेत रँचो म्हणत. इंग्रजीतला रँच हा शब्द त्यातूनच आला.

मेक्सिको स्वतंत्र झाल्यानंतर १८३३ च्या कायद्याने मिशनांची मालमत्ता काढून घेण्याचे ठरले आणि १८३४ साली सान फर्नांडोवरही हा कायदा लागू झाला. मिशनच्या जमिनीचा मोठा वाटा तेथे राबणाऱ्या मूळ रहिवाशांना मिळावा, असा या सुधारणेमागचा हेतू सांगितला जात होता. प्रत्यक्षात त्यांना फार थोडे मिळाले. खोऱ्याच्या पश्चिम टोकाला एल एस्कोर्पियोन नावाचे रान १८४५ साली काही मूळ रहिवाशांच्या नावे झाले, हा अपवाद म्हणून सांगण्यासारखा आहे. उरलेले जवळजवळ संपूर्ण खोरे, म्हणजे १,१६,८५८ एकर, राज्यपाल पिओ पिको यांनी १८४६ साली युलोखिओ दे सेलिस या व्यापाऱ्यास १४,००० डॉलरना विकून टाकले. अमेरिकेशी युद्ध जुंपले होते आणि सरकारी तिजोरीत खडखडाट होता, हे त्या विक्रीचे कारण. अशा रीतीने ज्यांनी ती जमीन राखली त्यांना वगळून ती प्रथमच एका खाजगी मालकाच्या नावावर चढली.

सनद, कोर्ट आणि दुष्काळ

जानेवारी १८४७ मध्ये याच खोऱ्याच्या आग्नेय कडेला, कावेंगा येथे, कॅलिफोर्नियातील लढाई थांबविणारा करार झाला. पुढील वर्षी ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने हा मुलूख अमेरिकेच्या ताब्यात गेला. जुन्या मालकांचे हक्क मानले जातील असे आश्वासन त्या तहात होते. परंतु १८५१ च्या कायद्याने प्रत्येक सनदधारकावर आपला हक्क आयोगापुढे सिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. जुन्या सनदांतील चतुःसीमा म्हणजे अमुक टेकडी, तमुक ओढा, एखादे जुनाट ओकचे झाड. कागद स्पॅनिशमध्ये, कामकाज इंग्रजीत, आणि वकिलाची फी रोख. ज्यांच्यापाशी गुरे होती पण नाणे नव्हते, त्यांना दरमहा चढणाऱ्या व्याजाने कर्ज काढावे लागले. इनाम कमिशनच्या चौकशीच्या हकीकती ज्यांनी आपल्या वाडवडिलांकडून ऐकल्या असतील, त्यांना या प्रकाराचे स्वरूप निराळे सांगावयास नको. सान फर्नांडोच्या सनदेवर अंतिम शिक्कामोर्तब होण्यास १८७३ साल उजाडले. तोपर्यंत जमिनीचे बरेच वाटे हातोहात फिरले होते.

मध्यंतरी निसर्गानेही आपला निकाल दिला. १८४८ साली उत्तरेकडे सोने सापडले तेव्हा खाणकामगारांसाठी मांसाला मागणी आली आणि दक्षिणेकडील गुरांचे मालक काही वर्षे श्रीमंत झाले. परंतु १८६१-६२ च्या हिवाळ्यात महापूर आला आणि त्याच्या पाठोपाठ लागोपाठ कोरडी वर्षे आली. गवत जळाले आणि दक्षिण कॅलिफोर्नियात गुरे हजारोंनी मेली. मोकळ्या रानातील गोपालनाचे युग या दुष्काळाने संपविले.

जिरायत गव्हाचा काळ

१८६९ साली आयझॅक लँकरशिम या जमीनदाराच्या मंडळीने पिओ पिको यांच्याकडून खोऱ्याचा दक्षिण अर्धा भाग, सुमारे ६०,००० एकर, १,१५,००० डॉलरना घेतला. एकरी भाव दोन डॉलरांच्याही आत पडला. १८७४ मध्ये चार्ल्स मॅक्ले आणि पोर्टर बंधू-मंडळींनी उत्तरेचा भाग विकत घेतला. त्याच वर्षी रेल्वे सान फर्नांडोपर्यंत पोहोचली आणि १८७६ साली डोंगरातील बोगदा पुरा होऊन लॉस एंजेलिस सान फ्रान्सिस्कोशी जोडले गेले.

लँकरशिम यांनी प्रथम मेंढ्या पाळल्या. पुन्हा दुष्काळ पडला आणि मेंढ्या मेल्या. तेव्हा त्यांचे भागीदार व पुढे जावई झालेले आयझॅक व्हॅन नाइस यांनी हिवाळी पावसाच्या भरवशावर गहू पेरून पाहिला. तो पिकला. खेचरांच्या लांबच लांब जोड्या नांगर ओढू लागल्या आणि या खोऱ्यातील गहू जहाजाने लिव्हरपूलपर्यंत जाऊ लागला. अर्थात ही शेती जिरायतच होती. हजारो एकरांना मूठभर गडी पुरत आणि सुगी संपली की सारे रान पुन्हा ओसाड दिसे.

जमीन सुपीक, बाजार रेल्वेने जोडलेला, हवा उत्तम. मग येथे बागायत का होत नव्हती? खोऱ्याच्या पोटात तर पाण्याचा मोठा साठा होता, आणि लॉस एंजेलिस नदीचा उगमही येथलाच. याचे उत्तर कायद्यात होते. १७८१ साली स्पॅनिश राजवटीत वसलेल्या लॉस एंजेलिस गावठाणाला नदीच्या पाण्यावर अग्रहक्क आहे, असा शहराचा दावा होता. १८९९ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दावा मान्य केला आणि नदीला मिळणाऱ्या भूमिगत पाण्यापर्यंत तो पोहोचविला. परिणाम असा झाला, की शेतकऱ्याच्या पायाखाली पाणी होते, पण त्याचा धनी वीस मैलांवरचे शहर होते.

पाणी आले, पण कोणासाठी?

या शहराची वाढही विलक्षण होती. १९०० साली त्याची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर होती. १९१० साली ती तीन लाखांपलीकडे गेली. नदी पुरी पडणार नाही हे शहराच्या पाणीखात्याचे मुख्य अभियंता विल्यम मलहॉलंड यांनी ओळखले. माजी महापौर फ्रेड ईटन यांनी उत्तरेकडे सिएरा नेवाडा पर्वताच्या पलीकडील ओवेन्स नदीकडे त्यांचे लक्ष वेधले. ती नदी शहरापेक्षा पुष्कळ उंचावरून वाहत असल्यामुळे पंपाची गरज नव्हती. उतारानेच पाणी येणार होते. ईटन यांनी तेथील जमिनी आणि पाणीहक्क विकत घेण्यास आरंभ केला तेव्हा त्यांमागे शहर आहे याची विकणाऱ्या कित्येकांना कल्पना नव्हती. १९०७ साली नागरिकांनी २ कोटी ३० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मोठ्या बहुमताने मान्यता दिली. २३३ मैलांचा तो जलमार्ग १९०८ ते १९१३ या काळात वाळवंट आणि डोंगर कोरून पुरा करण्यात आला. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी खोऱ्याच्या उत्तर टोकाला पाणी कोसळू लागले, तेव्हा जमलेल्या समुदायापुढे मलहॉलंड एवढेच म्हणाले, की हे आले आहे, आता घ्या.

घेणारे अगोदरच तयार होते. लॉस एंजेलिस टाइम्सचे मालक हॅरिसन ग्रे ओटिस, रेल्वेसम्राट हेन्री हंटिंग्टन आणि इतर धनिकांच्या एका मंडळाने शहराची पाणीयोजना जाहीर होण्याच्या सुमारासच खोऱ्याच्या उत्तर भागातील पोर्टर यांची जमीन हस्तगत करण्याची व्यवस्था केली होती. पुढे १९०९ मध्ये ओटिस, त्यांचे जावई हॅरी चँडलर, मोझेस शर्मन, हॉबर्ट व्हिटली आणि ऑटो ब्रँट यांच्या कंपनीने व्हॅन नाइस यांच्याकडून ४७,५०० एकर गव्हाची जमीन २५ लाख डॉलरना घेतली. चाळीस वर्षांपूर्वी दोन डॉलरांच्या आतला एकर आता पन्नास डॉलरांवर गेला होता, आणि अद्याप पाण्याचा एक थेंबही आलेला नव्हता. शर्मन हे शहराच्या पाणीमंडळाचे सभासद राहिलेले गृहस्थ होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या व्यवहाराची चर्चा शंभर वर्षांनंतरही का थांबलेली नाही हे उमजते. शहराला पाण्याची खरोखर गरज नव्हती असे म्हणता येणार नाही. परंतु सार्वजनिक खर्चाने येणाऱ्या पाण्याचा खाजगी लाभ कोणाला होणार, हे थोड्यांना आधी ठाऊक होते आणि पुष्कळांना नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

कंपनीने गव्हाच्या रानात सरळ रस्ते आखले, झाडे लावली आणि तीन गावांची नावे जाहीर केली. पैकी व्हॅन नाइस येथील भूखंडांची विक्री २२ फेब्रुवारी १९११ रोजी सुरू झाली. गिऱ्हाइकांना आणण्यासाठी खास गाड्या सोडल्या होत्या आणि त्यांना मेजवानी दिली जात होती. त्याच वर्षाच्या अखेरीस विजेची ट्राम तेथवर पोहोचली. अशा रीतीने घरांच्या आधी रस्ता आला आणि रस्त्याच्या आधी नकाशा.

तथापि एक अडचण उरली होती. जलमार्गाचे पाणी शहराच्या हद्दीबाहेर कायमचे देता येत नव्हते. तेव्हा पाणी हवे तर खोऱ्यानेच शहराच्या हद्दीत यावे, असा तोडगा निघाला. २९ मार्च १९१५ रोजी खोऱ्यात मतदान झाले. बाजूने ६८१ मते पडली आणि विरुद्ध २५. एखाद्या लहान खेड्यात जितके मतदार असतात तितक्यांच्या मतांनी सुमारे १७० चौरस मैलांचा प्रदेश शहरात विलीन झाला आणि लॉस एंजेलिसचे क्षेत्रफळ एका फटक्यात दुपटीहून अधिक झाले. ज्याच्यापाशी स्वतःच्या विहिरी होत्या ते सान फर्नांडो गाव वेगळे राहिले, आणि आजही ते चारी बाजूंनी मोठ्या शहराने वेढलेले स्वतंत्र नगर आहे.

बागायतदारांची पंचवीस वर्षे

पाणी येताच गव्हाचे रान पालटले. संत्री, लिंबे, अक्रोड, घेवडा, साखरबीट, भाजीपाला यांची लागवड झाली. मोठे पट्टे फोडून पाच-दहा एकरांचे तुकडे विकण्यात आले. चार्ल्स वीक्स यांनी तर विनेटका येथे एकेक एकराची कोंबडीपालन वसाहत काढली: एका एकरात घर, भाजी, फळझाडे आणि कोंबड्या, म्हणजे कुटुंब स्वावलंबी झाले, अशी त्यांची जाहिरात असे. धंदा अवघड निघाला आणि मंदीच्या वर्षांत ही वसाहत टिकली नाही. परंतु शेत आणि घर यांच्या मधला हा टप्पा महत्त्वाचा आहे. एक एकराचा शेतकरी आणि पाव एकराचा घरमालक यांच्यामध्ये फार मोठे अंतर नसते.

या फाळणीचे एक उदाहरण आपल्या वाचकांना विशेष परिचयाचे वाटेल. ओटिस यांनी या व्यवहारात स्वतःसाठी राखलेले रान १९१९ साली टारझनचे जनक एडगर राइस बरोज यांनी विकत घेतले आणि त्याचे नाव टारझाना ठेवले. त्यांनी तेथे डुकरे पाळण्याचा प्रयत्न केला. खर्च झेपेना, तेव्हा काही वर्षांतच त्यांनीही भूखंड पाडून विक्रीस काढले. पुढे तेथील रहिवाशांनी गावालाच टारझाना हे नाव घेतले.

या हिरवळीची किंमत दुसऱ्या खोऱ्याने मोजली. ओवेन्स खोऱ्यातील शेते ओस पडू लागली. १९२४ साली तेथील लोकांनी जलमार्गाला सुरुंग लावला आणि नंतर त्याचे दरवाजे ताब्यात घेऊन पाणी काही दिवस वाळवंटात सोडून दिले. १९२७ मध्ये पुन्हा सुरुंग उडाले, पण त्याच वर्षी तेथील चळवळीचा आधार असलेल्या पेढ्या बुडाल्या आणि प्रतिकार मोडला. ओवेन्स सरोवर आटून त्याच्या तळाची खारी धूळ वाऱ्यावर उडू लागली. ती बसविण्यासाठी लॉस एंजेलिसला अलीकडच्या काळात फार मोठा खर्च करावा लागला आहे. मार्च १९२८ मध्ये मलहॉलंड यांनी बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण मध्यरात्री फुटले आणि चारशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. जबाबदारी आपल्यावर घेऊन ते निवृत्त झाले.

हप्त्यावरचे घर

बागेचे घर होण्यास नुसते पाणी पुरले नाही. त्यास कर्जाची जोड मिळावी लागली. १९३० पूर्वी घरासाठी मिळणारे कर्ज बहुधा थोड्या वर्षांचे असे आणि शेवटी मोठी रक्कम एकदम फेडावी लागे. १९३४ साली स्थापन झालेल्या संघराज्याच्या गृहनिर्माण प्रशासनाने बँकांच्या कर्जाचा विमा उतरविण्यास प्रारंभ केला. त्यामुळे वीस, पुढे पंचवीस-तीस वर्षांच्या समान मासिक हप्त्यांवर घर घेता येऊ लागले. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना तर आगाऊ रक्कम जवळजवळ न भरताच कर्ज मिळू लागले. याच सुमारास बरबँक येथे लॉकहीडचा विमानांचा प्रचंड कारखाना होता आणि १९४७ साली व्हॅन नाइसजवळ जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. नोकरी, कर्ज आणि मोकळी जमीन या तिन्ही गोष्टी एके ठिकाणी आल्या.

पॅनोरमा सिटी ही वस्ती या योगाचे उत्तम उदाहरण होय. जहाजबांधणीत नाव कमावलेले उद्योगपती हेन्री कैसर आणि घरबांधणीतील जाणकार फ्रिट्झ बर्न्स यांनी युद्धसमाप्तीच्या वर्षी भागीदारी केली आणि १९४७-४८ च्या सुमारास पॅनोरमा रँच नावाचे दुभत्या गुरांचे रान घेऊन तेथे वसाहत उभारली. जहाजे बांधताना सिद्ध झालेली पद्धत त्यांनी घरांना लावली. भिंतींचे भाग आधी कारखान्यात तयार होत आणि जागेवर आणून जोडले जात. आतील रचना दोन-चार ठराविक नमुन्यांचीच. छपराचा उतार, रंग आणि गाडीखान्याची जागा बदलून वेगळेपणा आणला जाई. वस्तीच्या मध्यभागी दुकाने आणि दवाखाने यांची जागा आधीच राखून ठेवलेली होती. जेथे पहाटे धारा काढल्या जात तेथे दोन-तीन वर्षांत पहाटे मोटारी सुरू होऊ लागल्या.

एवढ्या लवकर शेतकऱ्यांनी जमिनी का सोडल्या, असा प्रश्न सहज मनात येतो. प्रत्येकजण लोभानेच विकत होता असे नव्हे. शेजारच्या बागेत घरे झाली की तेथील जमिनीचा भाव चढे आणि कर आकारणारा अधिकारी त्याच भावाने उरलेल्या बागेवरही कर बसवी. उत्पन्न संत्र्यांचे आणि कर घराच्या भूखंडाचा, अशी शेतकऱ्याची कोंडी होई. त्यातच संत्र्यांच्या झाडांवर त्रिस्तेझा नावाचा विषाणूरोग पसरला आणि मोटारींच्या धुराने पिके कोमेजू लागली. शेवटी एका बागायतदाराने विकले की दुसऱ्याला तग धरणे अधिकच कठीण जाई. शेतीवापराच्या जमिनीला शेतीच्याच दराने कर लावण्याची सोय कॅलिफोर्नियाने १९६५ च्या विल्यमसन कायद्याने केली. पण तोपर्यंत या खोऱ्यातील बहुतेक बागा तुटून गेल्या होत्या.

नियोजन झालेच नाही असेही नाही. युद्धाच्या अखेरीस शहराच्या नियोजन खात्याने वस्त्यांची ठिकाणे ठरवून त्यांच्यामध्ये शेतीचे पट्टे राखण्याचा आराखडा केला होता. परंतु पट्टा राखावयाचा कोणासाठी आणि कोणाच्या खर्चाने, याचे उत्तर त्यात नव्हते. एकेक मालक अर्ज करी, एकेक तुकडा बिनशेती होई, आणि काही वर्षांत पट्टे नकाशावरच उरले. लोकसंख्या १९५० साली चार लाखांच्या आसपास होती; पुढील दहा वर्षांत ती जवळजवळ दुप्पट झाली. १९३८ च्या पुरानंतर नदीचे पात्र काँक्रीटने बांधून काढण्यात आले आणि १९४१ साली सेपुल्वेडा धरण झाले. पूर अडविण्यासाठी मोकळी ठेवलेली त्या धरणामागची जमीन हाच आज खोऱ्याच्या मध्यातील सर्वांत मोठा मोकळा पट्टा आहे. जे नियोजनाने साधले नाही ते पुराच्या धाकाने साधले, असे म्हणावे लागते.

दार सर्वांना उघडे नव्हते

या वसाहतींच्या जाहिरातींत प्रत्येक कष्टाळू कुटुंबाला घराचे वचन होते. खरेदीखतात मात्र अनेक ठिकाणी निराळेच कलम असे. श्वेतवर्णीय नसलेल्या व्यक्तीस हे घर विकू नये अथवा राहण्यास देऊ नये, अशी ती अट होती, आणि खुद्द सरकारी गृहनिर्माण प्रशासनच अशा अटींची शिफारस करीत होते. १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला. तरीही दलाल आणि बँका यांच्या वागणुकीत वर्षानुवर्षे फरक पडला नाही. कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांना या खोऱ्यात मुख्यतः पाकोइमा या एकाच भागात घर मिळू शके. १९६३ साली राज्याने भेदभावास बंदी करणारा कायदा केला, तर १९६४ साली मतदारांनी तो रद्द करविला, आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने मतदारांचा तो निर्णयच घटनाबाह्य ठरविला. १९६८ च्या संघराज्याच्या कायद्याने हे दार निदान कागदावर तरी सर्वांस खुले झाले. घराची किंमत कालांतराने वाढत जाते आणि तीच मध्यमवर्गीय कुटुंबाची मुख्य ठेव बनते. त्यामुळे ज्यांना त्या वीस वर्षांत घर घेऊ दिले नाही त्यांच्या मुलांनाही ती ठेव मिळाली नाही. हा परिणाम कायदा बदलून भरून निघत नाही.

काळाने मात्र आपले काम केले. श्वेतवर्णीयांसाठी बांधलेल्या पॅनोरमा सिटीत आज लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांचे बहुमत आहे. ज्या कारखान्याच्या आधाराने ती वाढली तो जनरल मोटर्सचा कारखाना १९९२ साली बंद पडला आणि त्या जागी बाजारपेठ उभी राहिली. फेब्रुवारी १९७१ च्या भूकंपात खोऱ्याच्या माथ्यावरील पाणीसाठ्याचे धरण इतके खचले की त्याखालच्या सुमारे ८०,००० लोकांना घरे सोडून जावे लागले. दुरून आणलेल्या पाण्याच्या पायथ्याशी आपण राहतो, याची जाणीव त्या दिवसांत कित्येकांना प्रथमच झाली. जो चढता कर बागायतदारांच्या मुळावर आला होता तोच पुढे घरमालकांनाही छळू लागला, आणि १९७८ साली मतदारांनी राज्यभर मालमत्ता कराला कायद्याने मर्यादा घातली. त्या चळवळीत या खोऱ्यातील घरमालक आघाडीवर होते. त्यांच्या आधीच्या बागायतदारांना असा आवाज नव्हता. ते थोडे होते.

नोव्हेंबर २००२ मध्ये तर खोऱ्याने शहरापासून वेगळे व्हावे की काय, यावर मतदान झाले. खोऱ्यातील मतदारांचा अल्पसा कौल वेगळे होण्याच्या बाजूने पडला, पण संपूर्ण शहराचा कौल विरुद्ध गेल्याने प्रस्ताव फेटाळला गेला. १९१५ साली सातशे लोकांनी पाण्यासाठी बांधलेली गाठ लाखो लोकांना सोडविता आली नाही.

आज या खोऱ्यात जुन्या रानाची खूण शोधावयाची तर ती नावांत सापडते. लँकरशिम, व्हॅन नाइस, शर्मन, चँडलर ही रस्त्यांची नावे आहेत. नॉर्थरिज येथील विद्यापीठाच्या आवारात संत्र्यांची एक लहानशी बाग स्मरणार्थ राखली आहे, आणि एन्सिनो येथे जुना झरा व मातीच्या विटांचे घर सरकारी उद्यानात जपले आहे. युद्धोत्तर काळात बांधलेल्या बैठ्या, पसरट घरांना तर लोक रँच हाउसच म्हणतात. रान गेले, पण नाव घराला चिकटून राहिले. अलीकडे राज्याच्या नव्या कायद्यांमुळे त्या घरांच्या परसातही दुसरे छोटे घर बांधण्यास परवानगी मिळू लागली आहे, म्हणजे लाखभर एकरांपासून सुरू झालेली वाटणी आता परसदारापर्यंत आली आहे.

या दीर्घ कथेतून एक गोष्ट स्पष्ट होते. जमीन आपोआप वस्ती होत नाही. आधी तिचा कागद पालटतो, मग तिचे पाणी पालटते, मग तिच्यावरचे कर्ज आणि कर पालटतात, आणि सर्वांच्या शेवटी घर उभे राहते. घर दिसू लागते तेव्हा मुख्य निर्णय होऊन गेलेले असतात. म्हणून ज्या कोणा गावाला आपल्या वेशीबाहेरच्या रानाचे पुढे काय व्हावे याविषयी काही म्हणावयाचे असेल, त्याने पाया खणला जाण्याची वाट पाहू नये. नकाशा, पाण्याचा ठराव आणि कराची आकारणी या तीन कागदांकडे त्याने आधी पाहावे. सान फर्नांडोत ते कागद वाचणारे मोजकेच होते, आणि खोरे त्यांच्याच मनाप्रमाणे वसले.